‘के’चा माग : केचियाओ ते शिजियाझुआंग

रविवार, ३० मार्च २०२५

गुढीला काठी कुठून आणायची हा प्रश्न घरमालकिणीने सोडवला. इथे घरोघरी बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांबू असतात. तिने त्यातला सगळ्यात सरळ बांबू काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. कशासाठी हवाय, ते नंतर विचारलं. मी तिला ‘आयी’ म्हणते. चिनी भाषेत मावशीला आयी म्हणतात, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तीच हाक मारतात. पहिल्या महिन्यात हा शब्द उच्चारताना घसा दाटून यायचा. आता तो घरचा झालाय.

केचियाओत राहायला येऊन मला चौदा महिने झाले. झेजियांग प्रांतातल्या शाओशिंग शहराचा हा एक भाग. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला नाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. इथली ‘चायना टेक्स्टाइल सिटी’ ही आशियातल्या सर्वांत मोठ्या कापडबाजारांपैकी एक आहे. मी इचलकरंजीची. बाबांचे चोवीस साधे माग आहेत. इचलकरंजीच्याच डीकेटीई कॉलेजातून टेक्स्टाइलची पदवी घेतली, दोन वर्षं भिवंडीत नोकरी केली आणि मग इथल्या एका भारतीय खरेदी एजन्सीत माल तपासायच्या कामावर रुजू झाले.

गुढीला वस्त्र म्हणून आईने येताना बॅगेत घातलेलं दोन मीटर सुती कापड काढलं. आमच्याच मागावरचं, शुभ्र. कडुनिंबाचा पाला इथे मिळत नाही, म्हणून आईने दिलेल्या वाळल्या पानांची पुडी फोडली आणि खाली फुललेल्या पीचची एक डहाळी बांधली. साखरेच्या माळेऐवजी खडीसाखरेचे मोठे खडे दोऱ्यात गुंफले. वर स्टीलचा तांब्या. आयी शेजारी उभी होती. तिने कापडाचा काठ तर्जनी आणि अंगठ्यात धरून चोळला, दोनदा, अगदी बाबा चोळतात तसाच, आणि म्हणाली, “चुन्मियान.” शंभर टक्के सूत. बाजारातल्या पॉलिस्टरच्या डोंगराशेजारी आयुष्य काढलेल्या बाईच्या बोटांना ते क्षणात कळलं. “कुणी विणलं?” तिने विचारलं. बाबांनी, म्हटल्यावर तिने कापडाची घडी नीट केली आणि मगच गुढी वर जाऊ दिली.

दुपारी सात मराठी माणसं जमलो. मालेगावचा एक जण, भिवंडीच्या दोघी, सुरतेत वाढलेलं एक धुळ्याकडचं जोडपं आणि पुण्याचा एक यंत्रवाला. चक्का इथल्या दह्याचा, चण्याची डाळ भारतीय दुकानातली. आईशी बोलायचं म्हणजे वेगळीच कसरत असते. भारतात २०२० पासून वीचॅट बंद आणि इथे व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही. शेवटी ऑफिसातलं टीम्स अ‍ॅप आईच्या फोनवर घालून दिलंय. इथली घड्याळं अडीच तास पुढे, त्यामुळे आमची पंगत उठली तेव्हा तिकडे आईचा कुकर लागत होता. तिने फोन फिरवून दारातली गुढी दाखवली, मी माझी दाखवली.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी साडेआठला बाजार. सहा दुकानं, अकरा सॅम्पल, दोन भाव ठरले. ईदमुळे गिऱ्हाईक कमी.

मंगळवार, १ एप्रिल

माझ्या खिशात एक वही असते. आल्या दिवसापासून धंद्यातले शब्द तीत लिहिते. डावीकडे चिनी अक्षर, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे इचलकरंजीचा शब्द. पीबू म्हणजे ग्रे कापड, मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं. गांग म्हणजे रंगाचा हंडा, आणि त्यावरून आलेला लॉट नंबर तो गांगहाव. सचा म्हणजे रंगाच्या छटेतला फरक. ‘मी’ म्हणजे तांदूळ आणि ‘मी’ म्हणजे मीटरही, एकच अक्षर, एकच उच्चार. पहिल्यांदा कुणी “किती मी?” विचारलं तेव्हा मी मराठीतल्या ‘मी’वरच अडले होते. काही शब्दांपुढे तिसरा रकाना भरावाच लागला नाही. दुकानातून निघताना म्हणतात “मान् झोउ”, सावकाश जा. ताटावर बसलं की “मान्मान् च”, सावकाश जेव. भेटल्या भेटल्या “च ल मा?”, जेवलीस का? हे सगळं मी आजीकडून ऐकत आलेय.

आज भारत आणि चीनच्या राजनैतिक संबंधांना पंचाहत्तर वर्षं झाली, १ एप्रिल १९५० पासून. ऑफिसात माझ्याशेजारी बसणारी, जिला मी जिएजिए म्हणजे ताई म्हणते, ती जेवताना फोनवर त्याबद्दल वाचत होती. एकदम म्हणाली, “शाओ यिन, हा तुमच्याकडचा ना?” यिन हे चिनीतल्या ‘यिन्दू’चं, म्हणजे भारताचं, पहिलं अक्षर. ऑफिसात मला ‘छोटी यिन’ म्हणतात. स्क्रीनवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता.

माझा घास हातातच राहिला. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आम्हाला शाळेपासून माहीत. पण ते चिनी अक्षरांत मी कधी पाहिले नव्हते. के दिहुआ. जिएजिएने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मग खिडकीबाहेरच्या पाटीवर. केचियाओ. ‘के’ तोच. झाडाची खूण असलेला तोच डावा भाग, तोच उजवा. चौदा महिने रोज ज्या पाटीखालून मी ये-जा करते, तिच्यात त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

चिंगमिंगची सुट्टी शुक्रवारपासून तीन दिवस. चिंगमिंग म्हणजे पितरांच्या समाध्या झाडून-पुसून त्यांना फुलं वाहायचा दिवस. डॉक्टरांची समाधी हबै प्रांतात शिजियाझुआंगला आहे. तिकिटं कधीच संपली होती. रेल्वेच्या अ‍ॅपवर ‘होउबू’त, म्हणजे वेटिंगमध्ये, नाव टाकलं.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी सात वाजता उत्तरेला, हांगझोऊच्या खाडीकडे. शाओशिंगची रंगाई गेल्या काही वर्षांत तिकडच्या औद्योगिक वसाहतीत एकवटलीय. गाडीची काच खाली केली की वाफेचा आणि ओल्या कापडाचा वास येतो. वाटेत मोहरीसारखी पिवळी शेतं आणि त्यांच्यामधून कालवे.

माल बारा हजार मीटर, नेव्ही निळा, मुंबईच्या शर्टवाल्यासाठी. नऊ गांगांत रंगवलेला. तपासणीच्या मशिनवर कापड उजेडावरून सरकत जातं आणि आम्ही खुणा करतो. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. शंभर चौरस यार्डांत साधारण चाळीस गुणांपर्यंत माल पास. त्या हिशेबात हा माल उत्तम होता. गाठ नाही, तुटका धागा नाही, भोक नाही.

मग मी प्रत्येक गांगातून हातभर तुकडा कापला आणि नऊ तुकडे एकाला एक शिवून घेतले. दिव्याच्या पेटीत ठेवले. सातव्या आणि आठव्या तुकड्यावर नजर अडखळली. निळा निळाच होता, पण त्यात लाल छटा उतरली होती. संध्याकाळच्या आकाशात जेवढी उतरते तेवढीच. मॅनेजर म्हणाला, “चाबूदुओ.” जवळपास सारखंच आहे. हा शब्द इथे दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. पण कापणाऱ्याने शर्टाची पाठ सहाव्या गांगातून आणि बाही सातव्यातून काढली, तर तो शर्ट घालणाऱ्या माणसाला जन्मभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहील. मी ‘सचा’ म्हटलं. तो आकडे सांगू लागला, जहाजाची तारीख सांगू लागला. मी परत ‘सचा’ म्हटलं. आवाज चढवला नाही, हे मला बाबांकडे बघून येतं.

शेवटी रंगाईच्या म्हाताऱ्या शीफूंना बोलावलं. कसबी कारागिराला इथे शीफू म्हणतात, गुरुजी आणि उस्ताद या दोन्हींच्या मधला शब्द. त्यांच्या नखांत निळा रंग कायमचा बसलाय. त्यांनी दिव्याच्या पेटीकडे पाहिलंही नाही. नऊ तुकड्यांची पट्टी उचलली, उत्तरेच्या खिडकीशी नेली, डोळे किलकिले केले आणि सातवा नि आठवा तुकडा अंगठ्याने दाबून धरला. एक शब्द बोलले नाहीत. मॅनेजरने वही काढली आणि दोन गांग पुन्हा रंगवायचे असं लिहिलं. माल चार दिवस लांबला.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी एकाच टेबलावर भात, मासा आणि बांबूचे कोवळे कोंब खाल्ले. मॅनेजरने माझ्या वाटीत भाजी वाढली. साडेबाराला दिवे मालवले आणि सगळा कारखाना तासभर झोपला, कुणी टेबलावर डोकं टेकून, कुणी घडीच्या खाटेवर. मला अजून दुपारी झोप येत नाही. मी शेजारच्या विणाई शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथे वॉटरजेट माग चालू होते. धोटा नाही, पाण्याची धार सूत वाहून नेते. आमच्या साध्या मागावर मिनिटाला शे-सव्वाशे पिक, म्हणजे आडव्या सुताच्या फेऱ्या, पडतात, इथे सहाशेच्या वर. एकच बाई दोन रांगा सांभाळत होती. बाबांनी हे व्हिडिओत पाहिलंय. पाहून झाल्यावर त्यांनी फक्त मजुरी किती, ते विचारलं होतं. या शेडमधून निघालेलं कापड स्वस्तात भारतात उतरतं तेव्हा आमच्या गल्लीतले माग बंद पडतात, हे मला ठाऊक आहे आणि ते माझ्या मनातून एकही दिवस जात नाही. इथे शिकलेलं मला एक दिवस आमच्या शेडमध्ये न्यायचंय. म्हणून मी दारात उभी राहून बघते, आणि लिहून घेते.

संध्याकाळी मेसेज आला. वेटिंग क्लिअर. शुक्रवारची गाडी.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी बाजारात कुणीच भाव बोलत नव्हतं. रात्री अमेरिकेने चिनी मालावर आणखी चौतीस टक्के आयातशुल्क जाहीर केलं होतं, भारतावर सव्वीस. पडद्याचं कापड विकणारी एक लाओबानन्यांग, म्हणजे दुकानाची मालकीणबाई, हिशेबाचं यंत्र पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. तिचा अर्धा माल तिकडे जातो. तिने मला चहा दिला आणि विचारलं, “तुमच्याकडे पडदे लावतात ना?” मी म्हटलं, लावतात. तिने लगेच कापडाच्या नमुन्यांचे दोन हँगर काढून दिले. धीराची बाई.

सुट्टीआधीची संध्याकाळ म्हणून ऑफिसातली सगळी मंडळी जुन्या केचियाओत गेलो. कालव्याच्या दोन्ही काठांना पांढऱ्या भिंतींची घरं, मधून दगडी पूल आणि काळ्या छपराच्या होड्या. नावाडी वल्हं पायाने मारतो. हा कालवा पुढे चीनच्या प्राचीन महाकालव्याला, ग्रँड कॅनॉलला, जोडलेला आहे, २०१४ पासून जागतिक वारशात त्याची नोंद झालीय. भातापासून केलेली इथली पिवळी दारू कोमट करून वाडग्यातून पितात आणि सोबत बडीशेपेसारख्या मसाल्यात शिजवलेले पावट्यासारखे दाणे खातात. मी दारू घेत नाही, त्या दाण्यांवर माझा हक्क सगळ्यांनी मान्य केलाय.

जिएजिएने घरून चिंगथ्वान आणले होते. चिंगमिंगला करतात. तांदळाच्या चिकट पिठाची उकड, तीत एका रानभाजीचा हिरवा रस, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडल्या नाहीत आणि तो हिरवा झाला, तर असाच दिसेल. तिने सहा वेगळे बांधून माझ्या पिशवीत घातले. “दोन के डॉक्टरांना,” ती म्हणाली. मला वाटलं होतं तिला माझ्या जाण्याचं फारसं काही नसेल.

शुक्रवार, ४ एप्रिल

पहाटे मेट्रो. शाओशिंगची लाइन गुनियांगचियाओ स्टेशनात हांगझोऊच्या लाइनीला मिळते. नावाचा अर्थ ‘मुलीचा पूल’. मला तिथे गाडी बदलायला आवडतं. हांगझोऊ पूर्व स्टेशनात माणसांचा पूर. चिनी लोक ओळखपत्र टेकवून आत जातात, मी पासपोर्ट घेऊन बाजूच्या खिडकीपाशी.

नानजिंग मागे पडल्यावर यांगत्झे नदी ओलांडली. इतकी रुंद की मधोमध असताना दोन्ही काठ धुरकट होतात. मग प्रदेश बदलत गेला. कालवे संपले, भातखाचरं संपली आणि क्षितिजापर्यंत हिरवा गहू लागला. त्या गव्हात मध्येच मातीचे छोटे उंचवटे, त्यांवर ताजी माती आणि रंगीत कागद. शेतातल्या समाध्या. मुलंबाळं येऊन साफ करून गेली होती.

मी डॉक्टरांबद्दल जे जे माहीत होतं ते वहीत उतरवत होते. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. मुंबईत जी. एस. मेडिकलला शिक्षण. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी कम्युनिस्ट सैन्याचे जनरल झू द यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले आणि काँग्रेसने १९३८ च्या सप्टेंबरात पाच जणांचं पथक मुंबईहून बोटीने पाठवलं : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचांतले दोघे मराठी मुलखातले. इतर टप्प्याटप्प्याने परतले. कोटणीस राहिले. कॅनडातून आलेल्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले, चिनीतून शिकवू लागले, चिनीतच शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं.

मी सत्तावीस वर्षांची आहे. गव्हाकडे बघत बराच वेळ काही लिहिलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल, शिजियाझुआंग

उत्तरेकडची हवा कोरडी, ओठ फुटतात. हुतात्मा स्मारकाच्या दाराशी फुलवाल्या बसल्या होत्या. पांढरी-पिवळी शेवंती घेतली. आत उंच सुरूसारखी झाडं, रुंद फरसबंदी वाटा. लोक हळू बोलत होते. आजोबा नातवाला पाट्या वाचून दाखवत होते. कॅनडाच्या बेथून यांची समाधीही इथेच, तिथे गर्दी मोठी.

डॉक्टरांचा पुतळा पांढरा आहे. समाधीवर आधीच फुलं होती, आज सकाळचीच. मी येईन म्हणून कुणी ठेवलेली नव्हती, आणि तेच मला फार मोठं वाटलं. मी शेवंतीची जुडी गुढीच्या कापडातून फाडून आणलेल्या सुती पट्टीने बांधली होती. ती ठेवली. जिएजिएचे दोन चिंगथ्वान ठेवले. हात जोडले. सोलापूर आमच्याकडून पाच-सहा तासांवर, तेही मागांचंच गाव, सोलापुरी चादरीचं. मराठीत बोलावंसं वाटलं म्हणून बोलले. काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

मागून एका आजींनी विचारलं, “यिन्दू?” मी हो म्हटलं आणि चिनीत सांगितलं की के डॉक्टरांच्या मुलखातलीच आहे. त्यांनी माझा हात धरला. त्यांचे वडील ताइहांग डोंगरातल्या एका खेड्यातले, त्यांनी ‘काळी आई’ असं नाव सांगितलं होतं म्हणे. मी दोनदा विचारून घेतलं. तिथले लोक डॉक्टरांना ‘हेइ मामा’ म्हणायचे, म्हणजे काळी आई, असं त्यांच्या वडिलांच्या तोंडी होतं. डॉक्टर आईसारखे रात्रभर जखमी माणसाजवळ बसून राहायचे, असं त्या म्हणाल्या. मग एकदम, “च ल मा?” मी उरलेले चिंगथ्वान काढले आणि आम्ही दोघींनी बाकावर बसून खाल्ले.

स्मारकाच्या दालनात माओंच्या श्रद्धांजलीचे शब्द आहेत : सैन्याने एक मदतीचा हात गमावला, राष्ट्राने एक मित्र गमावला. शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत. आणि काचेखाली, बोटीवरच्या प्रवासात डॉक्टरांनी केलेली शब्दांची वही आहे. भारतातून इथे येताना, पाय जमिनीला लागायच्या आधीच, ते शब्द लिहीत होते. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली. ती पुसायला मी खिशात रुमाल शोधला, तर हाताला माझी वही लागली.

रविवार, ६ एप्रिल

परतीची गाडी. दिवसभर गहू, मग भात, मग पाऊस.

सोमवार, ७ एप्रिल

दोन्ही गांग पुन्हा रंगून तयार होते. नव्याने नऊ तुकडे शिवले. दिव्याखाली पाहिले, मग शीफूंसारखे उत्तरेच्या खिडकीशी नेले. नजर कुठेच अडली नाही. मी सही केली.

मी सुट्टीत कुठे गेले होते, ते शीफूंनी विचारलं. मी वही उघडून ‘के दिहुआ’ लिहून दाखवलं. त्यांनी मान हलवली. नावाला नव्हे, माझ्या ‘के’ला. डावीकडच्या झाडाची शेवटची रेघ मी लांब ओढली होती, उजव्या भागाला जागा राहिली नव्हती. त्यांनी पेन घेतलं आणि शेजारी नवा ‘के’ काढला, सावकाश, एकेक रेघ मला दिसेल अशी. या अक्षराचा अर्थ फांदी, आणि कुऱ्हाडीचा दांडाही, त्यांनी सांगितलं. मग मी काढला. मग त्यांनी. पाचव्या वेळेला ते “दुई” म्हणाले, बरोबर. वही परत देताना पानाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला होता, सातव्या-आठव्या गांगाचाच रंग.

कंटेनर शुक्रवारी निंगबो बंदरात जाईल.